विश्लेषण : मास्तरकी, सायकल, नांगर आणि पंप... लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उत्पन्नाचे अनेक मार्ग कसे उभे केले?

पगार एके पगार पुरत नाही, दुसरे-तिसरे उत्पन्न हवेच, हा सल्ला आज मोबाइल उघडला की दिवसातून चार वेळा भेटतो. तो देणारे बहुतेक जण उत्पन्नाचे मार्ग किती असावेत ते सांगतात, पण ते एकातून दुसरा कसे निघतात, हे क्वचितच सांगतात. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत यंत्रशाळेत मास्तरकी करणाऱ्या एका तरुणाने नोकरी सांभाळून सायकली विकायला घेतल्या. त्यातून दुरुस्ती, शिकवणी, एजन्सी, कारखाना, वसाहत, मासिक आणि शेवटी पंपांपर्यंतचा पसारा उभा राहिला. हा पसारा दोन-तीनदा बुडताबुडता वाचला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची गोष्ट मराठी घरांत यशोगाथा म्हणून माहीत असते. तिच्यातला पैशाचा हिशेब मात्र फारसा सांगितला जात नाही.

लक्ष्मणराव कोण होते?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचे लक्ष मात्र शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजेच रामूअण्णा, यांनी पाठबळ दिले आणि लक्ष्मणराव १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तेथे दोनेक वर्षांत लक्षात आले की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्यासाठी हा दरवाजा कायमचा बंद होण्यासारखाच प्रकार. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्रांची आरेखने काढायला रंगांची गरज नसते. ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि नव्यानेच सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, दरमहा ४५ रुपये पगारावर शिक्षक म्हणून लागले.

संस्थेचा वर्कशॉप होता, यंत्रे होती, बॉयलर होते. शिकवण्याची वेळ संपली की लक्ष्मणराव तेथेच रमत. यंत्र खोलायचे, पुन्हा जोडायचे, परदेशी कंपन्यांचे कॅटलॉग चाळायचे. पुढच्या सगळ्या धंद्यांचे खरे भांडवल येथे जमा होत होते आणि त्यासाठी त्यांना वेगळा पैसा मोजावा लागला नाही, उलट पगार मिळत होता.

नोकरी असताना सायकलचा धंदा कसा सुरू झाला?

मुंबईच्या रस्त्यावर एक सायकलस्वार पाहून लक्ष्मणराव त्या वाहनावर भाळले. त्यांनी सायकल मिळवली, चालवायला शिकले, आणि मग त्यांच्या डोक्यात आले की हे बेळगावातही खपेल. १८८८ मध्ये बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे दुकान सुरू झाले. मुंबईहून माल पाहून, पारखून पाठवायचे काम लक्ष्मणरावांचे. दुकान सांभाळणे, गिऱ्हाईक पटवणे आणि दुरुस्ती रामूअण्णांची.

त्या काळी सायकल ७०० ते १००० रुपयांना जात असे. म्हणजे लक्ष्मणरावांच्या पंधरा महिन्यांच्या पगाराहून अधिक. ती घेणार कोण? बेळगावात लष्करी छावणी होती, सरकारी अधिकारी, वकील, डॉक्टर होते. आज ज्याला आपण प्रीमियम ग्राहक म्हणतो तो हा वर्ग. पण एवढी महाग वस्तू घेतली तरी ती चालवता कोणाला येत होती? मग किर्लोस्कर बंधूंनी सायकल शिकवण्याचे १५ रुपये आकारायला सुरुवात केली. तीन शिकाऊ मिळाले की मुंबईतला महिन्याचा पगार निघाला!

म्हणायला दुकान एकच, पण त्यात कमाईचे तीन प्रकार होते. विक्रीचा पैसा मोठा, पण कधीतरी येणारा. शिकवणीत भांडवल शून्य. आणि दुरुस्ती ही सायकल विकल्यानंतर वर्षानुवर्षे चालणारी. एकाच गिऱ्हाइकाकडून तीन वेगवेगळ्या वेळी, तीन वेगवेगळ्या कारणांनी पैसे येत होते. शिवाय लक्ष्मणरावांचा पगार सुरू असल्याने दुकानावर दोन घरांचा भार नव्हता.

मग नोकरी का सोडली?

कारण हिशेबाचे नव्हते, अपमानाचे होते. संस्थेत बढतीची जागा निघाली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. काम येत असूनही वर जाण्याचा रस्ता बंद आहे, हे स्पष्ट झाले. त्यांनी राजीनामा दिला आणि १८९७ च्या सुमारास बेळगाव गाठले.

असा राजीनामा त्या काळी अनेकांना द्यावासा वाटला असेल. पण बहुतेकांकडे दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची सोय नव्हती. लक्ष्मणरावांकडे नऊ-दहा वर्षे चाललेले दुकान होते. जोडउत्पन्नाचा त्यांना झालेला सर्वांत मोठा फायदा बहुधा हाच, की नाही म्हणण्याची ताकद आली.

नांगराने धंदा अडचणीत कसा आणला?

बेळगावात आल्यावर सायकलींचा सुवर्णकाळ ओसरू लागला होता. इतर विक्रेते आले, किमती उतरल्या. लक्ष्मणरावांनी अमेरिकी पवनचक्क्यांची एजन्सी घेतली. दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकून कमिशन मिळवायचे आणि ती उभारून द्यायची. हे काम करताना त्यांचा संबंध प्रथमच मोठ्या प्रमाणावर शेतीशी आला. कॅटलॉगांमध्ये दिसणारी शेतीची यंत्रे आपण येथेच का बनवू नयेत, हा प्रश्न तेथून सुरू झाला. पहिली वस्तू होती कडबा कापण्याचे यंत्र. बैलांपुढे अख्खा कडबा टाकला की निम्मा तुडवून वाया जातो. बारीक कापला की सगळा खाल्ला जातो. फायदा डोळ्यांना दिसणारा होता.

नंतर १९०३ च्या सुमारास आला लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन उकरतो, पण ढेकूळ उलटवत नाही. लोखंडी नांगराचा वळलेला पत्रा माती पालथी करतो, हराळीच्या मुळ्या वर येतात, उन्हात सुकतात. लक्ष्मणरावांना हे पटले होते, पण शेतकऱ्याला पटत नव्हते. लोखंडाचे विष जमिनीत उतरते आणि पीक जळते, असा समज पसरलेला होता. पहिले नांगर खपवायला दोन वर्षे गेली. शिवाय नांगराच्या टोकाचे लोखंड हवे तेवढे कठीण होत नव्हते. त्यासाठी ओतकामात पुन्हा पुन्हा प्रयोग करावे लागले.

शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर ज्याची वर्षाची सगळी मिळकत एका हंगामावर, त्याने अनोळखी अवजारावर जुगार का खेळावा? त्याच्याकडे दुसरे उत्पन्न नव्हते. लक्ष्मणरावांकडे होते, म्हणून ते थांबू शकले.

त्या दोन वर्षांत सायकलचे दुकान आणि एजन्सीचे काम चालू होते. नांगर घेणारा आणि सायकल घेणारा हे दोन पूर्णपणे वेगळे खिसे होते. पाऊस न पडल्याने छावणीतल्या साहेबाचा पगार थांबत नाही. एक खिसा बंद असताना दुसरा उघडा राहिला, म्हणून नांगर टिकला. लक्ष्मणरावांनी ही आखणी ठरवून केली होती असे मानण्याचे कारण नाही. पण घडले ते असे. आणि या गोष्टीचा विसर पडल्यावर काय होते, ते तीस वर्षांनी दिसले.

किर्लोस्करवाडी कशी जन्मली?

नांगराची मागणी कुठे वाढू लागते न लागते तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्याचा आदेश दिला. यंत्रे, भट्टी, कारागीर घेऊन जायचे कुठे? या काळात औंध संस्थानाने हात दिला. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकलेचे शौकीन संस्थानिक, लक्ष्मणरावांचे स्नेही. औंधला सभामंडपाच्या बांधकामाचे काम त्यांनी लक्ष्मणरावांकडे सोपवले. नांगर बनवणारा माणूस बांधकामाचे कंत्राट घेतो, हे विचित्र वाटेल. पण कारखाना बंद असताना माणसांचे पगार कशातून तरी निघायला हवे होते. आरेखन आणि लोखंडकाम दोन्ही हातात असलेल्या माणसाला हे काम परके नव्हते.

पुढे बाळासाहेबांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जागा आणि १० हजार रुपयांचे कर्ज दिले. जागा म्हणजे निवडुंग, दगड आणि साप. १० मार्च १९१० रोजी तेथे वसाहतीची सुरुवात झाली. जागा ओसाड असली तरी लगत रेल्वे होती. लोखंड आणि कोळसा आणायचा, नांगर पाठवायचे, तर बैलगाडीच्या वाटेने परवडणारे नव्हते.

येथे शंभूराव जांभेकर, के. के. कुलकर्णी, मंगेशराव रेगे यांच्यासारखे सहकारी जमले. यंत्रांची नस ओळखणारा एक, माल खपवणारा दुसरा, हिशेब ठेवणारा तिसरा. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमले आणि वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी केली. १९१० च्या दशकात या दोन्ही गोष्टी खेडेगावात करणे सोपे नव्हते.

कारखाना वर्षभर कसा चालला?

नांगर विकला जातो नांगरटीच्या दिवसांत. पण भट्टी, लेथ आणि कारागीर बारा महिने पोसावे लागतात. किर्लोस्करवाडीच्या उत्पादनांची यादी पाहिली की यामागचे गणित उलगडते. उसाचा चरक गुऱ्हाळाच्या हंगामाआधी. भुईमूग फोडण्याचे यंत्र काढणीनंतर. कडबा कापण्याचे यंत्र सुगी झाल्यावर. पाणी उपसण्याची साधने उन्हाळ्यात. वस्तू वेगळ्या, पण ओतकामाची भट्टी तीच, कारागीर तेच, गावोगावचे विक्रेतेही तेच. नवीन उत्पन्नासाठी नवीन सगळेच उभारावे लागले नाही.

आणि फाळ झिजतो. नांगर एकदाच घेतला जातो, पण त्याचा फाळ दरवेळी बदलावा लागतो. बेळगावच्या दुकानातली दुरुस्तीची कमाई येथे सुट्या भागांच्या रूपात परत आली.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आयात आटली आणि देशी नांगराला मागणी आली. पण त्याच वेळी लोखंड आणि दगडी कोळसा मिळेनासा झाला. उत्पादने अनेक असली तरी त्यांचा कच्चा माल एकच होता. तो थांबला की सगळेच थांबणार. किर्लोस्करवाडीने कोळशाऐवजी लाकडाचा कोळसा वापरून पाहिला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. त्या तोफांचे नांगर झाले.

कारखान्यातून मासिक कसे निघाले?

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. उद्देश साधा होता. विक्रेत्यांना आणि गिऱ्हाइकांना कारखान्याची माहिती मिळावी, जाहिरात व्हावी. पण शंकररावांना लवकरच दिसले की वाचकाला नांगराबरोबर इतरही बरेच काही वाचायचे आहे. ‘खबर’ गळून १९२९ मध्ये नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आले आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. जाहिरातीचा खर्च म्हणून सुरू झालेली गोष्ट स्वतंत्र प्रकाशन व्यवसाय झाली. मराठी मध्यमवर्गाच्या तीन पिढ्यांनी किर्लोस्करांचा नांगर कधी हातात धरला नसेल, पण मासिक धरले.

हे श्रेय लक्ष्मणरावांचे नव्हे, शंकररावांचे. लक्ष्मणरावांचा वाटा एवढाच, की यंत्रांच्या कारखान्यात एका पुतण्याने छापखान्याचा नाद धरला तर त्याला अडवले नाही. व्यवसायात हेही दुर्मीळच.

मंदीत काय चुकले?

१९२६ मध्ये किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून शिकून परतले. सगळे नीट चालले आहे असे वाटत असतानाच १९२९ नंतरची जागतिक मंदी आली. कापूस, गूळ, भुईमूग यांचे भाव कोसळले.

आता किर्लोस्करांकडे नांगर होता, चरक होता, भुईमुगाचे यंत्र होते, पंप होता. कागदावर उत्पन्नाचे कितीतरी मार्ग. पण हे सगळे विकत घेणारा एकच होता, शेतकरी. त्याच्या हातात पैसा नाही म्हटल्यावर सगळ्या वस्तूंची विक्री एकदम बसली. बेळगावात सायकल आणि नांगर हे दोन वेगळे खिसे होते. येथे अनेक वस्तू एकाच खिशावर अवलंबून होत्या. उत्पन्नाचे मार्ग मोजताना ही चूक आजही सर्रास होते. एकाच बाजारातल्या पाच शेअरांना किंवा एकाच कंपनीकडून येणाऱ्या पगार-कमिशन-बोनसला वेगवेगळे उत्पन्न समजणे हा त्यातलाच प्रकार.

त्यातून बाहेर पडण्यासाठी गिऱ्हाईकच बदलावे लागले. किर्लोस्करवाडीत लोखंडी फर्निचर बनू लागले. ते शहरी घरे आणि संस्थांसाठी होते, शेताशी त्याचा संबंध नव्हता. पत्रा, नळी, जोडकाम ही कौशल्ये हाताशी होतीच. त्यापाठोपाठ लेथ यंत्रे. लेथचा गिऱ्हाईक म्हणजे दुसरा कारखानदार. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि यंत्र बनवणाऱ्या यंत्रांना मागणी आली तेव्हा हा निर्णय कामी आला. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली. १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरुमध्ये किर्लोस्कर इलेक्ट्रिक. इंजिन, मोटार, पंप, लेथ. औंधच्या माळावरचा कारखाना आता तीन-चार शहरांत पसरला.

या टप्प्यावर लगाम बऱ्याच अंशी शंतनुरावांच्या हातात गेला होता. लक्ष्मणरावांची पद्धत सावकाश, हाताला लागेल तेवढेच उचलण्याची. शंतनुरावांची उडी मोठी. दोन्हींपैकी कोणती बरी, यावर उद्योगजगतात आजही वाद घालता येईल. पण पहिल्याशिवाय दुसरीला पाय ठेवायला जागा नसती, एवढे नक्की.

हिशेबात न दिसणारे भांडवल कोणते?

लक्ष्मणरावांची गोष्ट सांगताना एकट्या माणसाची जिद्द पुढे केली जाते. प्रत्यक्षात मुंबईतला धाकटा भाऊ पगार घेत असताना बेळगावच्या दुकानात रोज बसत होते रामूअण्णा. त्यांच्याशिवाय १८८८ चे दुकान उघडले असते का? नोकरी करून दुसरे उत्पन्न उभे करणाऱ्या बहुतेक घरांत असा कोणीतरी असतोच. त्याचा वेळ हिशेबाच्या वहीत चढत नाही, नावही दुकानाच्या पाटीवर क्वचितच. येथे निदान ‘ब्रदर्स’ तरी लिहिले होते.

दुसरे, औंध. १० हजार रुपये आणि ३२ एकर जमीन हे कोणत्याही बँकेने दिले नव्हते. एका संस्थानिकाने मित्रावर विश्वास ठेवून दिले. असा मित्र सगळ्यांना भेटत नाही. मात्र तो भेटला तेव्हा लक्ष्मणरावांकडे दाखवायला वीस वर्षांचे काम होते, हेही तितकेच खरे.

लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीच्या दिवशी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. सांगली जिल्ह्यातील ज्या कुंडल रोड स्थानकाजवळ निवडुंग तोडून पहिली भट्टी पेटली, त्या स्थानकाच्या पाटीवर आज किर्लोस्करवाडी असे नाव आहे.